कर्ण्याचे स्पीकर: जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती

जुन्या हॉर्न स्पीकरविषयी, म्हणजे कर्ण्यातून आवाज बाहेर टाकणाऱ्या स्पीकरविषयी, वाचकांची बरीच पत्रे साठली आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकांची शंका एकच आहे: त्याच नावाचा स्पीकर आजही निघतो, मग जुना चांगला की नवा? म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न: मामांकडून मला १९७६ सालची क्लिपशॉर्नची जोडी मिळाली. अलीकडे एका स्नेह्यांकडे त्याच स्पीकरची नवी आवृत्ती ऐकली. तिचा खर्ज भरीव वाटला, झांजांचा आवाज स्वच्छ वाटला. माझ्या जोडीत खर्ज पोकळ आहे, गायकाचा आवाज वरच्या पट्टीत गेला की कानाला टोचतो आणि अगदी वरचे स्वर मंद वाटतात. जुनी जोडी काढून टाकून नवी घ्यावी का?

इतक्यात काढू नका. आपण केलेली तुलना जुन्या आणि नव्या रचनेची नाही. पन्नास वर्षे वापरलेली एक वस्तू आणि नुकतीच कारखान्यातून आलेली दुसरी, अशी ती तुलना आहे. रचनेतला फरक आणि वयाने पडलेला फरक हे दोन्ही एकाच वेळी कानावर पडतात, आणि ऐकणारा सगळे श्रेय किंवा सगळा दोष रचनेच्या नावावर टाकतो. आधी वयाचा भाग बाजूला काढावा लागेल. मग जे उरेल त्यावर निर्णय घेता येईल.

खर्जापासून सुरुवात करू. पॉल क्लिपश यांनी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी १९४६ मध्ये आपली कंपनी सुरू केली, आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा हा स्पीकर तेव्हापासून निघतो आहे. त्यामागचा विचार आजही तितकाच पटतो. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. तो स्वर नीट बाहेर टाकायचा तर कर्ण्याच्या तोंडाचा परीघ साधारण तेवढा हवा, म्हणजे मोकळ्या जागेत जवळपास ६ चौरस मीटरचे तोंड लागेल. असा कर्णा घरात मावणे शक्य नाही. पण तोच कर्णा दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बसवला, तर या तीन पृष्ठभागांमुळे एक अष्टमांश तोंडावर काम भागते. ते भरते पाऊण चौरस मीटर. म्हणून क्लिपश यांनी कर्ण्याला घड्या घालून तो पेटीत बसवला आणि त्याचा शेवटचा भाग खोलीच्या भिंतींवर सोपवला.

याचा अर्थ असा की आपल्या जोडीत भिंत हा स्पीकरचाच एक भाग आहे. पेटीच्या मागच्या कडा भिंतीला हवाबंद टेकल्या नाहीत, तर कर्णा जिथे रुंदावत जायचा तिथेच फुटतो आणि खर्ज त्या फटीतून निसटतो. एक साधी परीक्षा करा. कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या आणि पेटीची मागची कड व भिंत यांच्यामध्ये वरून खालपर्यंत सरकवून पाहा. पट्टी जिथे सहज आत जाते तिथे गळती आहे. बहुतेक घरांत ती जमिनीलगत सापडते, कारण भिंतीच्या तळाशी असलेली लाकडी किंवा फरशीची पट्टी पेटीला पुढे ढकलते. कडेला लावलेली फोमची मूळ पट्टी तर इतक्या वर्षांत भुगा होऊन गेलेली असते. नवी, मऊ आणि पुरेशी जाड फोमपट्टी लावा, गरज पडली तर जमिनीलगतच्या पट्टीपुरती खाच काढा. वूफरपाशी (खर्ज वाजवणाऱ्या भागापाशी) जायच्या झाकणाचे स्क्रूही आवळून घ्या. वूफरच्या मागची बंद हवा हा या रचनेचा हिशेबात धरलेला घटक आहे. ती गळत असेल तर कर्ण्याच्या घशाशी जमणारा समतोल बिघडतो.

आपल्या स्नेह्यांच्या नव्या जोडीत ही अडचणच ठेवलेली नाही. अलीकडच्या आवृत्तीत कर्ण्याची मागची बाजू पेटीतच बंद केली आहे, त्यामुळे ती भिंतीला काटेकोर टेकवावी लागत नाही आणि खोलीकडे थोडी वळवताही येते. हा बदल खरोखर मोलाचा आहे. ज्यांच्या खोलीत दोन चांगले कोपरे नाहीत त्यांच्यासाठी तर तोच निर्णायक ठरावा. पण ज्याच्याकडे भक्कम भिंतींचे दोन कोपरे आहेत आणि फटी बुजवलेल्या आहेत, त्याला जुन्या पेटीतूनही पूर्ण खर्ज मिळतो.

आता टोचणारा मधला पट्टा आणि मंद पडलेला वरचा पट्टा. या दोन तक्रारी आपल्याला वेगळ्या वाटत आहेत. माझ्या मते त्यांचे मूळ एकच असण्याची शक्यता अधिक आहे. वरचा पट्टा उतरला की मधला उघडा पडतो आणि कानाला कर्कश लागतो. १९७६ च्या जोडीत बहुधा एए प्रकारचा क्रॉसओव्हर (खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळ्या भागांकडे वाटून देणारा परिपथ) असेल. त्यात ट्विटरच्या (वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाच्या) वाटेवर तेल भरलेले, धातूच्या डबीतले कपॅसिटर आहेत. इतक्या वर्षांत अशा कपॅसिटरचा आंतरिक रोध वाढतो, मूल्यही सरकू शकते, आणि ट्विटरला पोहोचायचा विद्युतप्रवाह तिथेच मरतो. त्याच मूल्याचे नवे पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर लावा. मूल्य बदलण्याचा मोह टाळा. जुन्या डब्यांविषयी एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी येण्यापूर्वी अशा कपॅसिटरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन वापरले जाई. डबी पाझरत असेल तर उघड्या हाताने हाताळू नका, ती फोडू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका.

त्याच क्रॉसओव्हरमध्ये ट्विटरच्या रक्षणासाठी झेनर डायोड लावलेले असतात. व्होल्टेज ठराविक मर्यादेपलीकडे गेले की ते वाहू लागतात आणि स्वराचा शेंडा छाटतात. मोठ्या आवाजात झांज ‘फाटते’ असे वाटत असेल तर तिकडेही पाहावे.

यानंतर ट्विटर तपासा. कागदाची हातभर लांब नळी करा, मंद आवाजात खरखर असलेला एखादा जुना रेकॉर्ड लावा, नळीचे एक टोक ट्विटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरा. आधी डावा, मग उजवा. दोन्हींची खरखर सारखी आली पाहिजे. एक ट्विटर पूर्ण मुका असूनही मालकाला वर्षानुवर्षे पत्ता नाही, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे, कारण दुसरा वाजत असतो आणि कान तेवढ्यावर भागवतो.

हे सगळे झाले की उरेल तो रचनेतला खरा फरक. आपल्या जोडीतला मधला हॉर्न ओतीव ॲल्युमिनियमचा आहे. बोटाच्या पेराने टकटक केल्यास तो घंटेसारखा हलका निनादतो. पुढच्या काळात ही जागा धातूऐवजी संमिश्र द्रव्याच्या हॉर्नने घेतली आणि तो निनाद गेला. जुन्या हॉर्नच्या बाहेरच्या अंगाला डांबरयुक्त पट्टी किंवा न वाळणारी लांबी (पुट्टी) थापली, तर बराचसा फायदा पदरात पडतो आणि मूळ वस्तूला धक्काही लागत नाही. दुसरा फरक असा की जुन्या क्रॉसओव्हरमध्ये मधला ड्रायव्हर (विजेचा आवाज करणारा भाग) ४०० पासून ६,००० हर्ट्झपर्यंत काम करतो. नव्यात त्याला ४,५०० च्या आसपास मोकळे करतात आणि पुढचे काम अधिक सशक्त ट्विटरकडे देतात. मधल्या ड्रायव्हरचा शेवटचा टप्पा तसा दमछाकीचाच होता, त्यामुळे हा बदल मला रास्त वाटतो, आणि डागडुजी करून तो जुन्यात आणता येणार नाही.

माझा सल्ला असा: फटी, कपॅसिटर, ट्विटर आणि हॉर्नचा निनाद, एवढी कामे करून महिनाभर ऐका आणि मग पुन्हा स्नेह्यांकडे जा. एकाच सालच्या दोन जोड्या, एक डागडुजी केलेली आणि एक तशीच राहिलेली, मी एका बैठकीत ऐकल्या आहेत. त्या दोघींतला फरक मला नंतर ऐकलेल्या जुन्या-नव्यातल्या फरकापेक्षा मोठा वाटला.

प्रश्न: अल्निको मॅग्नेट असलेल्या जुन्या ड्रायव्हरचा आवाज फेराइटवाल्यांपेक्षा गोड असतो, असे सर्वत्र ऐकतो. यात तथ्य किती? कंपन्यांनी अल्निको सोडले ते आवाज सुधारण्यासाठी की पैसा वाचवण्यासाठी?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा लोखंडाशी केलेला मिश्रधातू, आणि स्पीकरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या अल्निको ५ मध्ये सुमारे २४ टक्के कोबाल्ट असतो. जगाला कोबाल्ट पुरवणारा प्रमुख देश तेव्हा झाईर (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) होता. १९७८ मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, खाणींचे काम विस्कळीत झाले आणि कोबाल्टचे भाव भडकले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जेबीएल, आल्टेक आणि इतर स्पीकर कंपन्यांनी एकामागून एक ड्रायव्हर फेराइटवर, म्हणजे कोबाल्ट न लागणाऱ्या सिरॅमिक चुंबकावर, नेले. तेव्हा हा बदल आवाजासाठी झाला नव्हता. जेबीएलच्या व्यावसायिक ड्रायव्हरवर हा बदल क्रमांकाच्या शेपटीवरून ओळखता येतो. २२३१ए हा अल्निकोचा, तर २२३१एच फेराइटचा.

गोडव्याचे उत्तर एवढे सरळ नाही. व्हॉईस कॉइलमधून (शंकूला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यातून) प्रवाह वाहिला की तिचे स्वतःचे चुंबकक्षेत्र तयार होते आणि ते मुख्य चुंबकाच्या क्षेत्राला मागेपुढे हलवते. अल्निको वीजवाहक असल्याने असा बदल होऊ लागताच त्याला विरोध करणारे प्रवाह चुंबकातच उत्पन्न होतात. फेराइट वीजरोधक आहे, त्यामुळे तिथे हा आधार मिळत नाही आणि पहिल्या, सरळसोट फेराइट ड्रायव्हरमध्ये विकृती मोजण्याइतकी वाढली. म्हणजे जुन्या श्रोत्यांच्या तक्रारीत तथ्य होते. पण अभियंते स्वस्थ बसले नाहीत. जेबीएलने १९८० च्या सुमारास ध्रुवखांबाचा (कॉइलच्या मधोमध असलेल्या लोखंडी खांबाचा) आकार बदलून आणि पायथ्याशी ॲल्युमिनियमचे कडे बसवून हा दोष दूर केला. या रचनेला त्यांनी ‘सिमेट्रिकल फील्ड जिऑमेट्री’ असे नाव दिले. तशी काळजी घेतलेला फेराइट वूफर अल्निकोच्या बरोबरीने उभा राहतो, हे माझे ठाम मत आहे.

अल्निकोच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. हे चुंबक सहज उतरते. जोराचा विद्युत दणका बसला, किंवा कोणी हौसेने ड्रायव्हर उघडून चुंबक त्याच्या लोखंडी चौकटीतून बाहेर काढले, तर त्याची ताकद कमी होते आणि परत जोडल्यावरही ती आपोआप भरून येत नाही. जुळणी पूर्ण झाल्यावर ड्रायव्हर पुन्हा चुंबकित करावा लागतो. चुंबक उतरलेल्या वूफरचा आवाज थोडा खाली येतो आणि शंकूवरचा ताबा सैल होतो. मग खर्ज जरा पसरट, ऊबदार वाटू लागतो. पुष्कळ लोक ज्याला ‘अल्निकोचा गोडवा’ म्हणतात तो अशा उतरलेल्या चुंबकाचा सैलपणा असतो, अशी मला दाट शंका आहे. पुन्हा चुंबकित केलेला वूफर घट्ट आणि नेमका वाजतो, आणि तेव्हा काही मालकांची निराशा होते.

शंकूच्या कडेविषयीही येथेच लिहितो, कारण त्याच पत्रात टॅनॉय या ब्रिटिश कंपनीच्या ड्रायव्हरचा उल्लेख आहे. १९५८ चा मॉनिटर रेड आणि १९६७ चा मॉनिटर गोल्ड अजून मूळ कडेनिशी वाजतात. १९७४ चा एचपीडी अल्निकोचाच आहे, पण त्याची कड फोमची आहे आणि फोम काही वर्षांत चुरा होतो. जुना ड्रायव्हर घेताना चुंबकाच्या जातीआधी बोटाने हलकेच ही कड दाबून पाहावी.

प्रश्न: माझ्याकडे १९८० च्या दशकातला क्लिपशचा ला स्काला आहे. मोठ्या आवाजात ऐकताना बाजूच्या फळीवर हात ठेवला तर ती थरथरते. नव्या आवृत्तीत हा दोष नाही असे कळते. प्लायवूड वाईट आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) चांगले, असे समजावे का?

असे समजू नये. १९६३ च्या ला स्कालापासून पेटीला सुमारे १९ मिलिमीटरचे प्लायवूड वापरले जाई. वूफरच्या कर्ण्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या मोठ्या, सपाट आणि बऱ्याच अंशी निराधार आहेत. हा फळीच्या मांडणीचा दोष आहे, लाकडाच्या जातीचा नाही. पुरुषी आवाजाच्या खालच्या भागात, तबल्याच्या डग्ग्याच्या घुमाऱ्यात किंवा चेलोत आपल्याला एक जास्तीची गुणगुण ऐकू येत असेल. ती याच फळ्यांची.

एकविसाव्या शतकात आलेल्या ला स्काला २ मध्ये फळी २५ मिलिमीटरची एमडीएफची केली. जाडी वाढली की वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १९ वरून २५ वर जाताना तो निव्वळ जाडीमुळे सव्वादोन पटीच्या पुढे जातो. पण एमडीएफ हे चांगल्या प्लायवूडपेक्षा मुळात मऊ असते, त्यामुळे त्यातला बराच फायदा तिकडे खर्ची पडतो. खरा लाभ वजनाचा आणि कंपन लवकर विरून जाण्याचा आहे. ते मान्य करूनही मी आपल्याला प्लायवूडची पेटीच ठेवायला सांगेन. ती हलकी असते, तिचे कोपरे फुटत नाहीत आणि ओल लागली तरी एमडीएफसारखी फुगून निकामी होत नाही.

उपाय म्हणून कर्ण्याच्या तोंडात, मधल्या पाचरीपासून बाजूच्या फळीपर्यंत प्रत्येकी एक कठीण लाकडाची आडवी पट्टी घट्ट बसवा. पट्टीची पातळ कड श्रोत्याकडे असावी, म्हणजे हवेची वाट अडत नाही. पट्टी बसवल्यावर पुन्हा हात ठेवून पाहा. थरथर लगेच कमी झालेली जाणवेल. मात्र ला स्कालाचा खर्ज ५० हर्ट्झच्या आसपास संपतो. तो जुन्यातही संपतो आणि नव्यातही. त्याखालचे काही ऐकायचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र सबवूफर लागेल.

प्रश्न: मी आल्टेकच्या ए७ स्पीकरमधला जुना ८११ हॉर्न काढून त्याच ड्रायव्हरवर नंतरच्या काळातला ‘कॉन्स्टंट डायरेक्टिव्हिटी’ हॉर्न लावला. विक्रेत्याने तो सुधारित असल्याचे सांगितले होते. आता वरचा सगळा आवाज गाडला गेल्यासारखा वाटतो. हॉर्न सदोष आहे का?

हॉर्न निर्दोष आहे, आणि तो सुधारित आहे हेही खरे आहे. फक्त तो ज्या व्यवस्थेसाठी बनला होता त्यातला अर्धा भाग आपल्यापर्यंत पोहोचला नाही.

कोणताही कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या मुळाशी बसणारा ड्रायव्हर) साधारण ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या पुढे दमतो. आत कंप पावणाऱ्या पडद्याचे वजन आड येते आणि त्याची एकूण ध्वनिशक्ती दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरू लागते. जुन्या धाटणीच्या हॉर्नमध्ये हे जाणवत नाही, कारण स्वर जसजसा वर जातो तसतसा त्यांचा झोत अरुंद होत जातो. उरलेली शक्ती मधोमध बसलेल्या माणसावर एकवटते आणि त्या एका खुर्चीवर सगळे पट्टे समान वाटतात. खुर्ची चार हात बाजूला सरकवली की वरचे स्वर गायब होतात. १९७५ मध्ये इलेक्ट्रो-व्हॉईस कंपनीत डॉन कील यांनी या दुखण्यावर इलाज काढला. त्यांच्या हॉर्नचा झोत खालपासून वरपर्यंत सारख्याच रुंदीचा राहतो, त्यामुळे खोलीभर सारखाच आवाज मिळतो. पण शक्ती आता सर्वांत वाटली गेल्याने ड्रायव्हरचा मूळ उतार उघडा पडतो. तो भरून काढण्यासाठी क्रॉसओव्हरमध्ये वरच्या पट्ट्याला चढ द्यावा लागतो. आपला क्रॉसओव्हर ८११ साठी बेतलेला आहे आणि त्यात तो चढ नाही.

चढ देणारे परिपथ जोडा, किंवा डिजिटल क्रॉसओव्हर वापरून तो चढ द्या. मग आपल्याला नव्या हॉर्नचे मोल कळेल, विशेषतः घरात एकापेक्षा अधिक जण ऐकत असतील तर. आपण एकटेच, नेहमी एकाच जागी बसून ऐकत असाल, तर ८११ परत लावणे हाही पूर्ण समंजस निर्णय ठरेल.

हॉर्न बदलताना आणखी एक गोष्ट बहुधा हलली असेल: त्याची पुढेमागे असण्याची जागा. ए७ मध्ये वरचा हॉर्न पेटीवर मोकळा बसतो आणि सरकवता येतो. ८०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते. म्हणजे हॉर्न जेमतेम २१ सेंटिमीटर सरकला तरी जोडस्वराच्या ठिकाणी, म्हणजे जिथे काम खालच्या ड्रायव्हरकडून वरच्याकडे जाते त्या ८०० हर्ट्झपाशी, दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना साथ देण्याऐवजी विरोध करू लागतात. जागा ठरवण्याची जुनी, हमखास रीत अशी आहे. वरच्या ड्रायव्हरच्या दोन तारा तात्पुरत्या उलट्या जोडा, ८०० हर्ट्झचा अखंड स्वर लावा, नेहमीच्या जागी बसा आणि कोणाला तरी हॉर्न बोटबोट मागेपुढे करायला सांगा. एका जागी स्वर एकदम खोल जाईल. तिथे खूण करा आणि तारा पुन्हा सुलट जोडा.

आवाजाच्या दोन भागांचे हे आगेमागे पोहोचणे चित्रपटसृष्टीने फार लवकर अनुभवले होते. १९३० च्या दशकात एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओच्या तंत्रज्ञांना टॅप नृत्याच्या टाचेचा एकच ठोका दोनदा ऐकू आला, कारण खर्जाच्या घडीच्या कर्ण्याची वाट वरच्या हॉर्नपेक्षा कित्येक फूट लांब होती. त्यातून डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांनी १९३६ च्या सुमारास जी रचना उभी केली, तिचाच वारसा पुढे १९४५ मध्ये आल्टेकच्या ‘व्हॉईस ऑफ द थिएटर’ मालिकेत आणि आपल्या ए७ मध्ये उतरला. तेव्हा ए७ चा हॉर्न सरकवता येणे ही सोय फार विचारपूर्वक आलेली आहे. ती वापरा.

प्रश्न: जुन्या ड्रायव्हरचा ॲल्युमिनियमचा पडदा तडकला आहे. टायटेनियमचा घ्यावा का? तो अधिक कडक आणि वेगवान असतो म्हणतात.

कडकपणा आणि वजन यांचे गुणोत्तर पाहिले तर ॲल्युमिनियम आणि टायटेनियम जवळजवळ समान आहेत. दोन्हींतून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने जातो. टायटेनियमचा खरा गुण चिवटपणा आहे. तो लवकर तडकत नाही, म्हणून १९८० च्या दशकात मोठ्या सभागृहांसाठीच्या ड्रायव्हरमध्ये त्याने जम बसवला. गुणोत्तरात खरी झेप घेतो तो बेरिलियम, तिथे हा वेग १२,००० मीटरच्या वर जातो, पण त्याची किंमतही तशीच असते आणि तुटल्यास त्याची धूळ आरोग्याला घातक आहे. घरच्या आवाजात ॲल्युमिनियम दीर्घकाळ टिकतो, तेव्हा मूळ जातीचाच पडदा लावा. फक्त दोन्ही ड्रायव्हरचे पडदे एकाच वेळी, एकाच उत्पादकाचे घ्या. एक जुना आणि एक नवा ठेवलात तर गायक मध्यभागी स्थिर राहणार नाही.

प्रश्न: जुनी आणि नवी जोडी शेजारी ठेवून निर्णय करायचा आहे. माझ्याकडे ट्रायोडचा व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर आहे. तुलना कशी करावी?

चार जड पेट्या एका खोलीत मांडून आलटून पालटून ऐकण्यापेक्षा एकेक पेटी घ्या आणि एकाच वाहिनीवर ऐका. स्टीरिओचा पसारा कानाला भुलवतो. एका पेटीवर स्वराचा रंग लवकर कळतो. दोन्ही पेट्या आळीपाळीने त्याच जागी ठेवल्या पाहिजेत, कारण हॉर्न स्पीकर आणि कोपरा यांचे नाते वर सांगितलेच आहे. शेजारच्या दोन जागांची तुलना ही खोलीची तुलना होते.

आवाजाची पातळी मीटरने जुळवा, कानाने नव्हे. एका डेसिबलने मोठा असलेला स्पीकर ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. पाव डेसिबलच्या आत जुळणी आणा. हे स्पीकर एका वॉटला एक मीटरवर १०४ ते १०५ डेसिबल आवाज देतात, त्यामुळे आवाजाची मूठ बोटभर हलली तरी हा फरक सहज पडतो.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. बिनफीडबॅकच्या ट्रायोडचा आउटपुट रोध मोठा असतो, त्यामुळे स्पीकरचा रोध जिथे वर जातो तिथे आवाज चढतो आणि जिथे खाली येतो तिथे उतरतो. जुन्या ऑटोट्रान्सफॉर्मरच्या क्रॉसओव्हरमध्ये मधल्या पट्ट्याचा रोध बराच वर असतो. नव्या क्रॉसओव्हरचा आलेख निराळा आहे. म्हणजे तोच ॲम्प्लिफायर दोन्ही आवृत्त्यांना नकळत दोन वेगळे टोन कंट्रोल लावतो. जुनी जोडी अशा ॲम्प्लिफायरवर ‘जिवंत’ आणि नवी ‘दबलेली’ वाटली, तर तो निष्कर्ष त्या जोडगोळीपुरता खरा आहे, स्पीकरपुरता नाही. एखादा साधा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर दोन दिवसांसाठी मागून आणा आणि हीच तुलना त्यावर पुन्हा करा. दोन्ही वेळा निकाल तोच आला तर निःशंकपणे निवड करा. निकाल उलटला, आणि आपण ट्रायोडच ठेवणार असाल, तर ट्रायोडवर जे आवडले तेच घ्या.

ऐकण्यासाठी आधीपासून पाठ असलेल्या दोन-तीन गोष्टी पुरेत. त्यात साथीशिवाय बोलणाऱ्या माणसाचा आवाज एक असावाच. धातूच्या हॉर्नचा निनाद, फळीची गुणगुण आणि जोडस्वराची चूक या तिन्ही गोष्टी बोलण्यात सर्वांत आधी उघड होतात, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला शिकवावे लागत नाही.